तिसऱ्या मागाजवळची हाक

कबनूरला आत्याच्या घरी राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या घरात सगळ्यांचं एकमेकांशी भांडण चाललंय. मामा जेवताना ओरडून मीठ मागायचे, आत्या त्याहून मोठ्यानं ओरडून मीठ वाढायची आणि मग दोघंही हसायची. आमचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला. तिथं पावसाळ्यात पावसाखेरीज दुसरा आवाज नाही आणि उन्हाळ्यात तोही नाही. पुढच्या शाळेची सोय नव्हती म्हणून वडिलांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं ठेवलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. खाली त्यांची यंत्रमागाची शेड आणि वर दोन खोल्यांचं घर. सकाळी माग सुरू झाले की जमीन, भिंती, फळीवरची भांडी, सगळं थरथरू लागायचं. माठाचं झाकण काढलं तर आतल्या पाण्यावर बारीक वलयं उठलेली दिसायची. त्या खडखडाटात बोलायचं तर बेंबीच्या देठापासून बोलावं लागे. महिनाभरात मीही मीठ ओरडून मागायला लागले. सुट्टीत गावी गेले तेव्हा आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि विचारलं, "बहिरी झालीस काय गं?"

आत्या दिसायला एवढीशी होती. काष्टा घालून उभी राहिली तर मामांच्या खांद्याला लागायची. पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला दळण टाकायला गेलेल्या बाईला ती घरातून निरोप द्यायची. सकाळी भाकरी थापताना तिचा एक कान शेडकडं असे. मागाच्या ठोक्यात जरा फरक पडला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती जिन्यात यायची आणि वरूनच ओरडायची, "दस्तगीरऽ, पाच नंबर बघ!" दस्तगीर आमचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा कारागीर. त्याला मागाशेजारी उभं राहून जे कळलेलं नसायचं ते हिला चुलीपाशी कळायचं, आणि तो मान हलवत पाच नंबरकडं जायचा. आत्या परत येईपर्यंत भाकरीला काळा डाग पडलेला असे. ती डागाची भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची, वर मिरचीचा खर्डा आणि दही. मला मात्र टम्म फुगलेली भाकरी. तशी भाकरी मी पुढं कुठंही खाल्लेली नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग शिकली न्हाईस व्हय? एवढी डॉक्टर झालीस ते."

तिच्या आवाजाचा माझ्यावर एक उपकार आहे, तो आधीच सांगून टाकते. शाळेतून आल्यावर मी शेडमध्ये आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची येजा बघत उभी राहायची. इकडून तिकडं, तिकडून इकडं, डोळ्यांना तो दिसतच नाही, फक्त एक रेघ दिसते. एकदा तिसऱ्या मागावर सुताचा एक धागा लोंबत होता. तो काढावा असं मला वाटलं आणि मी हात पुढं केला. आत्या पार दुसऱ्या टोकाला सुताच्या कांड्या भरत बसली होती. आठही माग चालू. त्या सगळ्या गदारोळातून तिची हाक माझ्यापर्यंत आली, "वासेऽऽ, हात मागं!" माझा हात माझ्या आधी मागं आला. त्याच क्षणी धोटा उसळून माझ्या बोटांच्या जागेवरून भिंतीवर आदळला. आत्या धावत आली, तिनं माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली, मग पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला पोटाशी धरून स्वतःच रडत बसली. ज्या हातानं मी पुढं आयुष्यभर विच्छेदन केलं आणि शिकवलं, तो हा हात.

आता या आवाजाची दुसरी बाजू. वीज गेली की सगळे माग एका दमात थांबत, पण बोलणारा माणूस काही तितक्या चटकन थांबत नाही. एका दुपारी आत्या मला शेजारच्या घरातली गोष्ट सांगत होती. कुणाची सून कशावरून माहेरी गेली, तिच्या सासूचं त्यात काय काय चुकलं, असं सगळं. आमच्या हिशेबानं ती अगदी हळू बोलत होती. मध्येच वीज गेली. सबंध गल्ली चिडीचूप आणि त्या शांततेत आत्याचं ते वाक्य, सासूच्या नावासकट, चारी दिशांना गेलं. समोरच्या ओसरीवर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली आणि वर पाहिलं. मामा हसून हसून जमिनीवर बसले. आत्याला मात्र ते फार लागलं. तिनं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं पुरणपोळ्या पाठवल्या, आणि तेव्हापासून जिथं माग वाजत नाही तिथं ती तोंडातल्या तोंडात कुजबुजायला लागली. देवळात, लग्नात, पाहुण्यांच्या घरी, कुठंही. शांतता दिसली की आत्याचा आवाज गायब. लोकांना वाटायचं, किती गरीब बाई आहे. मी आणि मामा एकमेकांकडं बघायचो.

मेडिकलला कोल्हापुरात प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाच्या शांततेत मला झोप येईना. दर शनिवारी एसटी पकडून मी कबनूरला यायची आणि मागांच्या खडखडाटात ढाराढूर झोपायची. पुढं शरीररचनाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलं. संशोधनासाठी विषय निवडायचा होता आणि मी स्वरयंत्र निवडलं, म्हणजे गळ्यात जिथून आवाज निघतो ते यंत्र. का निवडलंस, असं तोंडी परीक्षेत विचारलं तेव्हा मी काहीतरी विद्वत्तापूर्ण उत्तर दिलं. खरं उत्तर कबनूरला जिन्यात उभं राहून ओरडत होतं.

देहदानातून आलेल्या देहांची स्वरयंत्रं मी मोजायची. विद्यार्थ्यांना मी नंतर सांगायची तसंच इथं सांगते. गळ्यावर पुढून बोट फिरवा. जिथं कंठमणी हाताला लागतो तिथं एक ढालीसारखी कूर्चा आहे, दोन पाती पुढं जोडून केलेली. वरच्या बाजूला मधोमध एक खाच लागते. तिथून खाली सरका, ढालीची खालची कड लागते. या खाचेच्या आणि कडेच्या साधारण मध्यावर, आतल्या बाजूला, दोन्ही स्वरतंतू चिकटलेले असतात. पुरुषात ही पाती टोकदार कोन करून पुढं येतात म्हणून कंठमणी दिसतो. बायकांत तो कोन पसरट असतो आणि सगळी ढालच लहान असते. मी ढालीची उंची मोजायची, पात्यांची रुंदी मोजायची, कोन मोजायची आणि स्वरतंतूची पातळी बाहेरून नेमकी कुठं येते ते पाहायची. कॉलेजचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची धातूची सरकपट्टी, खिळखिळा झाला होता, म्हणून मामांनी मला त्यांचा दिला. शेडमधला शाफ्ट मोजायला आणलेला, चांगला जड. आत्याची अट एकच, तो व्हर्नियर तिच्या स्वयंपाकघरात यायचा नाही. स्थळं यायची तेव्हा ती पाहुण्यांना सांगायची, "पोरगी डॉक्टर हाय, पण माणसं तपासत न्हाय, नरडी मोजती." एवढं ऐकून चहा न संपवता उठलेली दोन-तीन स्थळं मला आठवतात. मला त्यांचं आजही वाईट वाटत नाही.

याच दिवसांत आत्याच्या गळ्यात गाठ आली. थायरॉइडची. ती काढावीच लागणार होती आणि काढली. गाठ साधीच निघाली, पण ती स्वरयंत्राकडं जाणाऱ्या नसेला अशी घट्ट चिकटली होती की ती सोडवताना एका बाजूची नस दुखावली. हे होऊ शकतं, आम्हाला आधी सांगितलं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. आत्या शुद्धीवर आली आणि तिनं माझं नाव घेतलं, तर नुसती हवा आली. एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला होता. दोन्ही तंतू मध्ये येऊन भिडले तर आवाज निघतो. एकच आला आणि दुसरा जागेवरच राहिला तर मधल्या फटीतून हवा निसटते. थांबून पाहू, बऱ्याचदा नस आपोआप सुधारते, असं सांगितलं. आम्ही थांबलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागले आणि आत्याच्या गळ्यातून हवाच येत राहिली. पाणी पिताना तिला ठसका लागायचा. चहा तर ती चमच्यानं प्यायची, मान एका बाजूला वळवून.

घर बदललं. ती जिन्यात येऊन उभी राहायची, ओठ हलायचे आणि खाली कुणाला काहीच कळायचं नाही. मग मामांनी एक पद्धत पाडली. आत्या जिन्यात दिसली की ते हातातलं काम टाकून मेन स्विचकडं जायचे आणि सगळी शेड बंद करायचे. आठही माग थांबायचे, कामगार हात बांधून उभे राहायचे आणि त्या शांततेत मामा विचारायचे, "हं, बोल." आणि तिचं म्हणणं बहुतेक एवढंच असायचं की भाजीत मीठ जरा जास्त झालंय, चालेल का. दस्तगीर वैतागायचा. "मालक, माग बंद-चालू करून धागं तुटाय लागल्यात," असं म्हणायचा. मामा म्हणायचे, "तुटू देत की. जोडाय तू हाईसच." हळूहळू आत्याच शेडकडं यायची बंद झाली. माझ्यामुळं सगळ्यांचं काम खोळंबतं, असं तिला वाटायचं. ती वर बसून शेंगा निवडायची आणि ठोक्यात फरक पडला की नुसती मान वर करायची. ते मला बघवत नसे.

आमच्या कान-नाक-घसा विभागातले एक सर नुकतेच बाहेरगावी एक नवी शस्त्रक्रिया शिकून आले होते. ढालीसारख्या त्या कूर्चेला बाहेरून एक छोटी चौकोनी खिडकी पाडायची, त्यातून सिलिकॉनचा छोटा ठोकळा सरकवायचा आणि लुळा तंतू मध्ये ढकलायचा, म्हणजे चांगला तंतू त्याला येऊन भिडतो. मी सरांना आत्याबद्दल सांगितलं. त्यांनी तपासलं आणि होईल म्हणाले, पण त्यांच्या कपाळाला आठी होती. "पुस्तकातली खिडकीची मापं परदेशी पुरुषांच्या गळ्यावरून काढलेली आहेत. खिडकी वर गेली तर भलतीच घडी ढकलली जाते, खाली आली तर कूर्चेची कड तुटते. तुझ्याकडं आपल्याकडच्या बायकांची मापं आहेत ना? घेऊन ये."

शनिवारी कबनूरला जाऊन मी आत्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तिच्या गळ्यावरची खाच आणि कड चाचपून व्हर्नियर लावला. तिनं त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हवेतल्या हवेत म्हणाली, "अजून जित्ती हाय मी." मामा आणि मी दोघंही हसलो. इतकी स्वरयंत्रं मोजली होती, त्यातलं एकही मला हाक मारणारं नव्हतं. माप घेतलं तर ते मी पाहिलेल्या लहानांतलं लहान. सबंध शेड हलवणारा आवाज एवढ्याशा डबीतून यायचा, यावर माझा विश्वास बसेना. मी दोनदा, तीनदा मोजलं. सरांना सांगितलं, ठरावीक मिलिमीटर धरू नका, तिच्याच उंचीचा मध्य काढा आणि खिडकीही त्याच प्रमाणात लहान करा. सर म्हणाले, "मलाही तेच वाटतंय. तू आत थांब. ती फक्त तुझं ऐकेल."

या शस्त्रक्रियेत गळा बधिर करतात, पण माणसाला जागं ठेवतात. ठोकळा किती आत सरकवायचा हे त्याच्या आवाजावरूनच ठरतं. मी आत्याच्या डोक्यापाशी हिरव्या कापडाअलीकडं बसले होते, तिचा हात हातात धरून. पलीकडं सरांनी कूर्चा उघडी केली, मोजली आणि माप मोठ्यानं सांगितलं. मी बाहेरून घेतलेल्या मापाला ते जवळजवळ चिकटून होतं. "वासंती, पुस्तकाप्रमाणं गेलो असतो तर कड गेलीच होती," ते म्हणाले. खिडकी पडली. ठोकळा सरकवला. "मावशी, आता बोला. ई म्हणा."

आत्या म्हणाली, "ई." हवा.

"मोठ्यानं म्हणा."

"ई." पुन्हा हवाच, थोडीशी घोगरी. सरांनी ठोकळा जरा हलवला, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. "फट राहतेय अजून," ते सहायकाला म्हणाले, "मोठा ठोकळा कापू या." ठोकळा जास्त मोठा झाला तर तंतू मध्याच्या पलीकडं जातो, आवाज दबतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. आणि माझ्या मापांप्रमाणं तर हाच ठोकळा पुरायला हवा होता. मी आत्याच्या तोंडाकडं पाहिलं. ती डोळे मोठे करून वरच्या दिव्याकडं बघत होती, अंग चोरून, अगदी लग्नघरात कोपऱ्यात बसायची तशी. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. आणि मला एकदम ती वीज गेलेली दुपार आठवली.

"सर," मी म्हणाले, "ती कुजबुजतेय."

"म्हणजे?"

"तिला आवाज लागत नाही असं नाही. ती लावतच नाहीये. इथं शांत आहे म्हणून."

सरांना लगेच कळलं असणार, कारण कुजबुजताना माणूस तंतू आपणहूनच उघडे ठेवतो. धडधाकट गळाही तेव्हा हवाच सोडतो. त्यावरून कुठलाच ठोकळा कधी पुरेसा वाटला नसता. "मग बोलतं कर तिला," सर म्हणाले. "फक्त मान हलता कामा नये."

मी आत्याच्या कानाशी वाकले. "आत्या, मान हलवू नगंस. तू आपल्या शेडमधी हाईस. सगळं माग चालू हायत." तिच्या हातावर मी बोटांनी मागाचा ठोका धरला, खटक्-खट, खटक्-खट. "मी शाळेतनं आलीया. तिसऱ्या मागापाशी हुबी हाय. हाक मार मला."

"हितं वरडू?" तिनं कुजबुजत विचारलं. "ही मोठी माणसं हायत समदी."

"वरड. मी हात पुढं केलाय बघ, आत्या."

तिची बोटं माझ्या बोटांवर आवळली. आधी नुसती खरखर झाली. आणि मग त्या फरशीवर, त्या पांढऱ्या भिंतींवर, सगळ्यांच्या मास्कवर आदळत तिची हाक आली, "वासेऽऽ, हात मागं!"

कापडापलीकडं धातूचं काहीतरी ट्रेमध्ये पडलं. परिचारिकेचा हात मागं गेला, सहायकाचा मागं गेला, आणि आमच्या सरांनीही, इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं, दोन्ही हात झटकन वर घेतले. मग सर हसायला लागले. "मावशी, हात मागं घेतला तर टाके कोण घालणार?" मोठा ठोकळा कापायचा बेत त्यांनी सोडून दिला. "हाच बसवायचा. बरोबर आहे." मी आत्याच्या हातावर डोकं ठेवून रडले. खूप आनंद झाला होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

आज मला विद्यार्थी विचारतात की मोजमापांचा प्रत्यक्षात काय उपयोग. मी म्हणते, मापानं दार कुठं पाडायचं ते कळतं. आत कोण राहतं हे ज्याचं त्याला माहीत असावं लागतं. मामांचा व्हर्नियर माझ्या टेबलावर आहे. मामा आता नाहीत, कबनूरच्या त्या शेडमध्ये धोट्याविना चालणारे नवे माग आले आहेत. आत्या आहे, चांगली खुटखुटीत आहे, आणि तिचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अजिबात बोलायचं नाही असं सरांनी सांगितलं होतं. आत्यानं ते इतकं काटेकोर पाळलं की मामा काळजीत पडले. "खरंच बरं झालंय न्हवं?" ते मला एकटीला गाठून विचारायचे. त्यांनी तिचा आवाज अजून ऐकलेला नव्हता. तपासणीला मी तिला कोल्हापूरला नेलं, सरांनी आता बोला म्हणून परवानगी दिली, आणि परतताना इचलकरंजीच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. तिनं कप सरळ ओठाला लावला. मान वळवली नाही, चमचा मागितला नाही. एक घोट, दुसरा घोट, ठसका नाही. "साखर कमी हाय," ती म्हणाली. स्टँडवर गोंगाट होता, म्हणून हे चांगलं ऐकू येईल असं म्हणाली, आणि चहावाल्यानं निमूटपणे साखर घातली.

घरी पोचलो तेव्हा माग चालू होते. आत्या सरळ वर गेली आणि तिनं चहा टाकला. मी खाली दाराशी थांबले होते. दस्तगीर पाच नंबरपाशी वाकला होता, मामा पलीकडं कापडाच्या ताक्याची घडी घालत होते. थोड्या वेळानं आत्या जिन्यात येऊन उभी राहिली, कितीतरी दिवसांनी. मामांनी तिला पाहिलं. तिचे ओठ हलायच्या आत त्यांनी ताका खाली टाकला आणि सवयीप्रमाणं ते लगबगीनं मेन स्विचकडं निघाले. त्यांचा हात स्विचच्या दांड्यावर पडला तोच आठ मागांच्या वरून आवाज आला,

"बंद करू नगासाऽ! च्या केलाय, निवाय लागलाय, वर या!"

मामा दांड्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. माग चालूच होते.